बर्फाचा स्तूप कुठल्या ब्रँचचा?

‘थ्री इडियट्स’ न पाहिलेला मुलगा आपल्या हॉस्टेलवर शोधूनही सापडायचा नाही. सिनेमा २००९ च्या डिसेंबरातला, तरी फर्स्ट इयरची नवी बॅच आली की कुणाच्या तरी लॅपटॉपवर तो लागतोच. फुनसुक वांगडू, ती लडाखची शाळा, पँगाँगचं निळंशार पाणी, सगळं तोंडपाठ. ती शाळा खरीखुरी आहे. लेहजवळच्या शे गावातली द्रुक पद्मा कार्पो शाळा. सिनेमा चालला आणि शाळेच्या एका भिंतीला ‘रँचो वॉल’ असं नाव पडलं. तिच्यासमोर फोटो काढायला पर्यटकांची एवढी झुंबड उडायला लागली की मुलांना वर्गात बसणं अवघड झालं. शेवटी २०१८ मध्ये शाळेने ती भिंत पांढरी करून टाकायचं ठरवलं.

पाहुण्यांना हवं म्हणून गावाने सांभाळलेलं एक चित्र, आणि ते पुसायची पाळीही गावावरच. याच लेहच्या आसपास, त्याच दशकात, गावकऱ्यांनी दुसरंही काही उभं केलं. तेही बघायला लोक जातात, त्याचेही फोटो निघतात. पण ते मुळात उभं राहिलं ते शेताला पाणी हवं म्हणून. मी लिहितोय ते त्या बर्फाच्या स्तूपांबद्दल.

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारला हाच विषय घेतला होता. विषय मंजूर करताना सरांनी विचारलं, “हे नक्की कशात बसतं? फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, वॉटर रिसोर्सेस की आर्किटेक्चर?” रूममेट मेकॅनिकलचा, तो म्हणाला हे आमचं. सेमिनार झाला, मार्क मिळाले. पण प्रश्न काही सुटेना, म्हणून हा लेख.

आधी जागा समजून घेऊ. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास. आपण ज्याला दुष्काळी म्हणतो त्या सोलापुरातसुद्धा याच्या पाचपट पडतो! मग तिथे जव पिकतं कसं? तर हिमनद्यांच्या आणि वरच्या बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर. पाटाने ते पाणी शेतात आणायचं, रात्री ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठवायचं आणि कुणाची पाळी कधी हे ‘छुरपोन’ ठरवणार. छुरपोन म्हणजे गावाने नेमलेला पाणीवाटप करणारा माणूस. आपल्याकडे कॅनॉलवर पाटकरी असतो तसा, फक्त त्याचा शब्द जास्त चालतो.

अडचण वेळेची आहे. पेरणी एप्रिल-मे मध्ये करावी लागते, कारण उन्हाळा छोटा आणि पीक एकच. पण हिमनद्यांचं पाणी जोरात यायला जून उजाडतो. म्हणजे पाणी हवं तेव्हा ओढा कोरडा, आणि हिवाळ्यात कुणाला नको असतं तेव्हा तोच ओढा बारीक धारेने सिंधू नदीत वाहून जातो. हिमनद्या मागे सरकायला लागल्या, बर्फ बेभरवशाचा झाला, तसं हे मधलं अंतर जास्तच टोचायला लागलं. शिवाय कधी पाणी येतं ते भलतंच. २०१० च्या ऑगस्टमध्ये पाच आणि सहा तारखेच्या मधल्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. मातीची घरं अशा पावसासाठी बांधलेलीच नव्हती.

हिवाळ्याचं पाणी वसंतापर्यंत धरून ठेवायचं, ही कल्पना आधी प्रत्यक्षात आणली चेवांग नॉरफेल यांनी. हे सिव्हिल इंजिनियर, ग्रामविकास खात्यात नोकरीला. (ब्रँचचा अभिमान म्हणून मुद्दाम सांगितलं.) नळ गोठून फुटू नये म्हणून थंडीत तो थोडा सुरू ठेवतात, आणि पॉप्लरच्या सावलीत त्या पाण्याचा थर गोठलेला त्यांनी पाहिला, अशी हकीकत सांगतात. वाहतं पाणी गोठत नाही, संथ केलं की गोठतं. त्यांनी ओढ्याचं पाणी सावलीच्या दरीत वळवलं, दगडी बांध घालून त्याचा वेग मारला आणि थरावर थर गोठू दिले. पहिली कृत्रिम हिमनदी १९८७ सालची, फुकत्से गावातली. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कामाला पैसा थोडा, सामान गावातलंच, आणि उपयोग खणखणीत. तरी आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत होतं? त्यांच्या हिमनद्या गावापासून लांब, उंचावर, सावलीच्या घळीत असत. वरून पाहिलं तर गोठलेलं शेत, बस्स. कुणी फोटो काढायला चढून जाईल असं त्यात काही नव्हतं.

सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या मे महिन्यात एका पुलाखाली बर्फ टिकून राहिलेला पाहिला. आजूबाजूला ऊन रखरखत होतं, तरी पुलाखाली बर्फ! हे मेकॅनिकलवाले, श्रीनगरच्या आरईसीमधून (आताचं एनआयटी) १९८७ साली बाहेर पडलेले. म्हणजे बर्फ टिकायला उंची नव्हे, सावली लागते. आता प्रत्येक गावात पूल कसा बांधणार? त्यांचं उत्तर असं, की बर्फानेच बर्फाला सावली द्यायची. आडवा पसरायचा नाही, उभा रचायचा.

इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. खाली १० मीटर त्रिज्या आणि २० मीटर उंची असा शंकू धरा. घनफळ येतं सुमारे २,०९४ घनमीटर. उतरत्या बाजूचं क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस मीटर. आता तेवढाच बर्फ अर्धा मीटर जाडीच्या थरात पसरा. क्षेत्रफळ जवळपास ४,२०० चौरस मीटर, म्हणजे सहापट. उन्हाला आणि वाऱ्याला जेवढी उघडी बाजू कमी, तेवढं वितळणं कमी. म्हणून शंकू गावाजवळ, ऐन उन्हात उभा करता येतो.

आणि तो उभा करायला पंप लागत नाही, हा भाग मला सगळ्यात आवडला. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणी पाइपात घ्यायचं, पाइप जमिनीखालून आणायचा आणि गावाजवळ उभ्या नळीतून वर सोडायचं. तीस मीटरचा हेड मिळाला तर साधारण तीन बार दाब. पाइपातलं घर्षण त्यातून वजा करा (डार्सी-वाइसबाख इथेही सुटत नाही). वर फवारा उडतो, रात्री उणे वीसच्या हवेत थेंब खाली पडता पडता गार होतात आणि खाली काट्याकुट्यांच्या सांगाड्यावर गोठतात. पाणी गोठताना दर किलोला ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. आपल्या शंकूत बर्फ आहे साधारण १,९२० टन. हिशेब केलात तर पावणेदोन लाख युनिटच्या वर ऊर्जा होते. एवढी उष्णता कोण काढून नेतं? लडाखचं निरभ्र आकाश आणि कोरडा वारा. बिल नाही!

पहिला नमुना २०१३-१४ च्या हिवाळ्यात केला. उंची सहा मीटर, पाणी दीड लाख लिटर, आणि लेह खोऱ्यातल्या त्यातल्या त्यात उबदार जागी तो १८ मेपर्यंत टिकला. पुढच्या हिवाळ्यात फ्यांग इथे मोठा प्रयोग झाला. लोकवर्गणीतून पैसे उभे राहिले, २.३ किलोमीटर पाइपलाइन टाकली आणि वीस मीटरच्या आसपास उंचीचा स्तूप जुलैच्या सुरुवातीपर्यंत उभा होता. त्याच्या पाण्यावर पॉप्लर आणि विलोची हजारो रोपं लावली. २०१६ मध्ये वांगचुक यांना या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आता मूळ मुद्दा. शंकू का, हे वर आलं. पण त्याला ‘स्तूप’ का म्हणायचं?

लडाखमध्ये गावात शिरताना चोर्तेन दिसतात. मातीचे, चुना फासलेले, खाली रुंद आणि वर निमुळते स्तूप. त्यांना उजवीकडे ठेवून पुढे जायचं, हे लहान पोरालाही माहीत असतं. ते पडले की गावच दुरुस्त करतं. वांगचुक आणि त्यांच्या सोबतच्या मुलांनी बर्फाच्या ढिगाला हा आकार दिला, हे नाव दिलं आणि वर प्रार्थनेच्या पताका लावल्या. फ्यांगचा मठ दृकुंग काग्यू परंपरेचा. त्या परंपरेचे प्रमुख चेत्सांग रिनपोचे यांनी प्रकल्पाला पाठबळ दिलं, भिक्खू आणि गावकरी मिळून झाडं लावायला आले. एखादं खातं ‘कृत्रिम हिमसंचय योजना, टप्पा एक’ असा बोर्ड लावून हेच करतं, तर डिसेंबरच्या रात्री दोन वाजता गोठलेला पाइप मोकळा करायला कोण उठलं असतं? आपण पाण्याची मोटर बंद करायला दहा वाजता खाली उतरत नाही.

कारण हे काम रात्रीचं आहे. प्रवाह मंदावला की पाइपात बर्फ होतो, आणि एकदा पाइप गोठला की सगळा खेळ खलास. थंडी जेवढी चांगली, तेवढा धोकाही मोठा. कुणीतरी जागं राहावं लागतं, तेही पगाराशिवाय, पाच महिने. त्या माणसाला आपण काय बनवतोय हे दिसावं लागतं आणि ते आपलं वाटावं लागतं. नॉरफेल यांच्या बर्फात आणि वांगचुक यांच्या बर्फात थर्मोडायनॅमिक्स एकच आहे. फरक पडला तो आकाराने, आणि त्यातली निम्मी कमाई उष्णतेच्या हिशेबाबाहेरची आहे. डिझाइनच्या पेपरात आपण लोड, मटेरियल, खर्च मांडतो. आकार लोकांना कसा वाटतो याला तिथे रकाना नसतो. माझ्या मते असायला हवा.

हे पटायला २०१८-१९ चा हिवाळा पुरेसा आहे. त्या वर्षी गावागावांत स्तूपांची स्पर्धा लागली आणि बारा स्तूप उभे राहिले. पहिला नंबर शारा गावाचा. आपल्याकडे गणेशमंडळांची असते तशी ईर्ष्या, फक्त इथे जिंकलं तरी आणि हरलं तरी वसंतात पाणी मिळणार. मला सगळ्यात भावलं ते ग्या गावच्या पोरांनी केलेलं. लेह-मनाली रस्त्यावर हे गाव आहे. त्यांनी आपल्या स्तूपाच्या पोटात चक्क कॅफे थाटला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत बर्फाच्या भिंती आणि हातात गरम चहा. आलेल्या पैशांतून त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तीर्थयात्रेला नेलं. अशी मुलं साधारणपणे हिवाळ्यात शिक्षणाला नाहीतर नोकरीला गावाबाहेर असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या कॅफेची किंमत कळते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, झालं, लडाखचा प्रश्न सुटला. तसं नाही हो. लेह शहराकडे बघा. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं, तेव्हा त्या वर्षी आले ५२७ जण. २०२२ साली आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. २०११ च्या जनगणनेत लेह शहराची लोकसंख्या होती तीस हजारांच्या आसपास! तिथल्या जुन्या घरात ‘छागरा’ असतो, म्हणजे कोरडा संडास. वरून माती टाकायची, वर्षाने त्याचं खत शेतात जातं, पाणी शून्य. गेस्ट हाउसमध्ये आता फ्लश हवा, शॉवर हवा. मग बोअरवेल, मग टँकर, मग सांडपाणी कुठे सोडायचं हा प्रश्न. मातीच्या विटांच्या जागी काँक्रीट आलं, आणि ते हिवाळ्यात गार पडतं. शेत विकून किंवा शेतावर हॉटेल बांधून जास्त पैसे मिळतात हे कुणाला कळत नाही? स्तूप शेताला पाणी देईल, पण शेतच उरलं नाही तर? लेहच्या वर गांगलेस गावाजवळही स्तूप होतात, म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या खोऱ्यातच. त्यांच्याकडून शहराची तहान भागेल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे मेसच्या एका पातेल्यात सगळं गॅदरिंग जेवू घालण्यासारखं आहे.

या वाढीकडे बघणारी वेगळी कलाही तिथे आता रुजते आहे. ‘सा’ म्हणजे लडाखीत माती. ‘सा लडाख’ या नावाचं उघड्यावरचं कलाप्रदर्शन २०२३ च्या ऑगस्टमध्ये लेहच्या डिस्को व्हॅलीत, ३,६०० मीटरवर भरलं. हवामानातला बदल आणि तिथली माती हाच विषय. स्कर्मा सोनम ताशी हा लडाखी कलावंत टाकाऊ कागदाच्या लगद्यातून जुनी लडाखी घरं आणि वस्त्या घडवतो, ज्या घरांच्या जागी आज काँक्रीट येतंय तीच. ही कामं चांगली आहेतच, पण बघणारा एक आणि करणारा दुसरा, ही रेघ तिथे राहते. स्तूपाच्या बाबतीत ती पुसली जाते. करणारे गावकरी, बघणारे गावकरी आणि ते पिऊन टाकणारी शेतंही गावकऱ्यांचीच. स्वित्झर्लंडच्या एंगाडीन भागातही असे स्तूप बांधले गेले. तिथे त्यांच्यावर कुणाचं जव अवलंबून नव्हतं. वितळणाऱ्या हिमनदीकडे लोकांचं लक्ष वेधायचं, एवढंच काम. म्हणजे तीच वस्तू तिथे शिल्प झाली. ‘कुठल्या ब्रँचचा’ याचं उत्तर वस्तूत नसून ती कुणाच्या शेताशेजारी आहे यात असावं, असं मला वाटू लागलंय.

शेजार म्हटला की भांडणही आलं. फ्यांग भागात स्तूपाच्या पाण्यावरून वाद झाला. वरच्या अंगाला वळवलेल्या पाण्यावर खाली राहणाऱ्यांचा हक्क काय, हा त्यातला प्रश्न. हिवाळ्याचं पाणी वाया जातं असं आपण सहज म्हणतो, पण खालच्या गावाच्या दृष्टीने ते वाया जात असतंच असं नाही. पाणीवाटपाचे जुने करार उन्हाळ्याच्या पाळ्यांचे. हिवाळ्यातल्या बर्फाची पाळी कशी लावायची हे छुरपोनच्या हिशेबात कधी नव्हतंच. चांगलं दिसणाऱ्या, सगळ्यांना आवडणाऱ्या वस्तूविरुद्ध तक्रार करणं अवघड असतं. स्तूपाच्या देखणेपणाचा हा तोटा आहे, आणि कौतुकाच्या लेखांत तो सापडत नाही.

दुसरा तोटा मोजलेला आहे. स्वित्झर्लंडच्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी गांगलेसचा स्तूप आणि स्वित्झर्लंडमधल्या गुटानेनचा स्तूप यांची तुलना केली. लडाखची हवा थंड आणि कोरडी, त्यामुळे तिथे बर्फ पुष्कळ मोठा होतो. पण दोन्हीकडे फवाऱ्यातलं बरंचसं पाणी न गोठताच खाली वाहून जातं. कारण साधं आहे. हवा किती गोठवू शकते ते तासातासाला बदलतं, आणि नळ मात्र रात्रंदिवस एकाच वेगाने चालू. मग त्यांनी तापमान, वारा, आर्द्रता मोजून प्रवाह आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा लावून पाहिली. तिला पाणी कितीतरी कमी लागलं. शिवाय वेळेवर पाणी काढून घेतलं की पाइप गोठायची भीतीही कमी होते.

इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हे जरूर बघावं, फायनल इयरच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मिळणार नाही. सेन्सर, कंट्रोलर, व्हॉल्व्ह, बाकी गुरुत्वाकर्षण. फक्त माझी एक शंका आहे, आणि ती सेमिनारलाही कुणी सोडवून दिली नाही. व्हॉल्व्ह आपोआप चालायला लागला की रात्री दोनला पाइपापाशी जायची गरज उरणार नाही. शाराच्या आणि ग्याच्या मुलांना झोप मिळेल, ते बरंच आहे. पण त्या बर्फाच्या ढिगाला ती आपला स्तूप म्हणतील का, आणि एप्रिलमध्ये एखादा सेन्सर बिघडला तर तो बघायला वर कोण चढून जाईल?